व्यक्तिगत विमा संरक्षणाची निवड : महाविद्यालयीन अध्यापकांच्या संदर्भात एक विवेचन

गोषवारा

व्यक्तिगत विमा हा कुटुंबाच्या आर्थिक नियोजनाचा पाया मानला जातो. प्रत्यक्षात मात्र विमा बहुधा करबचतीचे किंवा सक्तीच्या बचतीचे साधन म्हणून घेतला जातो आणि संरक्षणाचा मूळ हेतू बाजूला पडतो. प्रस्तुत लेखात विम्याचे मूलतत्त्व, आयुर्विम्याची आवश्यक रक्कम ठरविण्याची पद्धत, बचतयुक्त पॉलिसींचे खरे मूल्य, आरोग्य विम्यातील अटी, प्रस्तावपत्रातील सत्यकथन आणि तक्रार निवारण यांचे विवेचन केले आहे. कोणते नुकसान कुटुंबाला पेलणार नाही हे आधी ठरवावे व पॉलिसी त्यानंतर निवडावी, असे प्रतिपादन येथे केले आहे.

बीजशब्द : मुदत विमा, बंदोबस्ती विमा, आरोग्य विमा, प्रतीक्षा कालावधी, नामनिर्देशन, विमा लोकपाल.

प्रस्तावना

भारतातील विमा व्यवसायाला दोनशे वर्षांहून अधिक काळाचा इतिहास आहे. इ.स. १८१८ मध्ये कलकत्ता येथे ओरिएंटल लाइफ इन्शुरन्स कंपनी स्थापन झाली. स्वातंत्र्यानंतर १९५६ मध्ये २४५ विमा संस्थांचे राष्ट्रीयीकरण होऊन १ सप्टेंबर १९५६ रोजी भारतीय आयुर्विमा महामंडळ अस्तित्वात आले. सर्वसाधारण विम्याचे राष्ट्रीयीकरण १ जानेवारी १९७३ पासून अमलात आले. पुढे मल्होत्रा समितीने १९९४ मध्ये केलेल्या शिफारशींना अनुसरून १९९९ चा विमा नियामक व विकास प्राधिकरण कायदा संमत झाला आणि २००० साली हे क्षेत्र खाजगी कंपन्यांना खुले झाले.

या वाटचालीत आयुर्विमा घरोघरी पोहोचला, परंतु तो प्रामुख्याने बचतीच्या रूपाने पोहोचला. वेतनातून परस्पर हप्ता कापून घेणारी वेतन बचत योजना, प्राप्तिकरातील सवलत आणि 'पैसे परत मिळतात' हा दिलासा या तीन कारणांमुळे नोकरदार वर्गाने बंदोबस्ती व मनीबॅक पॉलिसींना पसंती दिली. महाविद्यालयीन अध्यापकही याला अपवाद नाहीत. फेब्रुवारी-मार्च महिन्यांत करबचतीचा हिशेब मांडताना एखादी पॉलिसी घ्यायची आणि पुढील वीस वर्षे तिचे हप्ते भरत राहायचे, ही सर्वपरिचित पद्धत आहे. अशा चार-पाच पॉलिसी असलेल्या अध्यापकाचे अकाली निधन झाल्यास कुटुंबाच्या हाती येणारी एकूण रक्कम अनेकदा दोन-तीन वर्षांच्या घरखर्चालाही पुरत नाही. पॉलिसी अनेक आणि संरक्षण अपुरे, ही विसंगती हा या लेखाचा मुख्य विषय आहे.

अध्यापकवर्गातील भिन्न परिस्थिती

विम्याची गरज सर्व अध्यापकांची सारखी नसते. १ नोव्हेंबर २००५ पूर्वी अनुदानित पदावर नियुक्त झालेल्या अध्यापकांना जुनी निवृत्तिवेतन योजना लागू आहे. त्यांच्या पश्चात पती अथवा पत्नीस कुटुंब निवृत्तिवेतन मिळते. हे निवृत्तिवेतन म्हणजे एक प्रकारे आधीपासून असलेला आयुर्विमाच होय. त्यानंतर नियुक्त झालेल्यांचे निवृत्तिवेतन अंशदानावर आधारित आहे. विनाअनुदानित संस्थांतील अध्यापकांची भिस्त बहुतांशी भविष्य निर्वाह निधीवर असते. या निधीच्या सभासदांना १९७६ च्या ठेव-संलग्न विमा योजनेचा लाभ असून सेवेत असताना मृत्यू झाल्यास मिळणाऱ्या लाभाची कमाल मर्यादा २०२१ मध्ये ७ लाख रुपये करण्यात आली. हा हक्क अनेक कुटुंबांना ठाऊक नसतो, म्हणून त्याचा येथे मुद्दाम उल्लेख केला आहे.

तासिका तत्त्वावर काम करणाऱ्या अध्यापकांची स्थिती सर्वांत कठीण आहे. त्यांना निवृत्तिवेतन नाही, वैद्यकीय खर्चाची प्रतिपूर्ती नाही आणि सुट्यांच्या काळात मानधनही नाही. म्हणजे ज्याची विमाहप्ता भरण्याची क्षमता सर्वांत कमी आहे, त्यालाच संरक्षणाची निकड सर्वाधिक आहे. अशा अध्यापकाने आपल्या अल्प उत्पन्नातील मोठा वाटा बचतयुक्त पॉलिसीत गुंतवणे म्हणजे छत्री घेण्याऐवजी छत्रीच्या दुकानात ठेव ठेवण्यासारखे आहे.

विम्याचे मूलतत्त्व

विमा म्हणजे अनेकांनी थोडे थोडे देऊन काहींचे मोठे नुकसान भरून काढण्याची व्यवस्था होय. केवळ उदाहरणादाखल, पस्तिशीतील १,००० अध्यापकांचा एक गट घेऊ. वर्षभरात त्यांपैकी दोघांचा मृत्यू होईल असे गृहीत धरले आणि प्रत्येक कुटुंबास ५० लाख रुपये द्यावयाचे ठरविले, तर १ कोटी रुपये लागतील. प्रत्येकाने १०,००० रुपये दिले की ही रक्कम उभी राहते. जे ९९८ जण हयात राहिले त्यांचे पैसे 'वाया' गेले, असे म्हणता येणार नाही. त्या वर्षापुरती प्रत्येकाने निश्चिंतता विकत घेतली होती. शुद्ध मुदत विम्याचे तत्त्व हेच आहे. पैसे परत मिळावेत अशी अपेक्षा असेल, तर प्रत्येकाला १०,००० पेक्षा बरीच अधिक रक्कम द्यावी लागेल. ती वाढीव रक्कम विम्याची किंमत नसून बचत असते.

या तत्त्वातून निवडीचा पहिला नियम निघतो. जे नुकसान घडण्याची शक्यता कमी, पण घडल्यास कुटुंबाला पेलणार नाही, त्यासाठी विमा घ्यावा. जे नुकसान वारंवार घडते पण लहान असते, त्यासाठी बचत पुरेशी असते. चष्मा, दातांचे किरकोळ उपचार किंवा भ्रमणध्वनी संचाची दुरुस्ती यांसाठी हप्ता भरण्यापेक्षा सहा महिन्यांच्या खर्चाइतकी रक्कम बँकेत स्वतंत्र ठेवणे अधिक शहाणपणाचे ठरते. याउलट कमावत्या व्यक्तीचा मृत्यू, दीर्घ आजार आणि कायमचे अपंगत्व ही तीन संकटे कोणत्याही मध्यमवर्गीय कुटुंबाच्या बचतीपलीकडची आहेत.

आयुर्विम्याची आवश्यक रक्कम

आयुर्विम्याची रक्कम वार्षिक उत्पन्नाच्या दहापट असावी, असा ठोकताळा सांगितला जातो. तो सोपा असला तरी कुटुंबाची रचना लक्षात घेत नाही. अविवाहित अध्यापकावर कोणी अवलंबून नसेल, तर त्यास आयुर्विम्याची फारशी गरज नसते. ज्याच्यावर वृद्ध आई-वडील, पत्नी व दोन मुले अवलंबून आहेत आणि गृहकर्जही आहे, त्यास दहापट रक्कमही अपुरी पडू शकते. म्हणून गरजेवर आधारित हिशेब अधिक विश्वासार्ह ठरतो.

समजा, एका ३५ वर्षीय अध्यापकाच्या कुटुंबाचा मासिक खर्च ४०,००० रुपये आहे व त्यातील ८,००० रुपये त्याच्या स्वतःवर खर्च होतात. त्याच्या पश्चात कुटुंबाला दरमहा ३२,००० म्हणजे वर्षाला ३ लाख ८४ हजार रुपये लागतील. ही गरज २५ वर्षांची मानली आणि मिळालेल्या रकमेवरील व्याज महागाईइतकेच असेल असे धरले, तर आजच्या किमतीत ९६ लाख रुपये लागतात. त्यात गृहकर्जाची बाकी २५ लाख आणि मुलांच्या उच्च शिक्षणासाठी १५ लाख मिळविले की एकूण १ कोटी ३६ लाख होतात. हाती असलेली १० लाखांची बचत आणि जुन्या पॉलिसींचे ६ लाख वजा जाता १ कोटी २० लाखांच्या संरक्षणाची आवश्यकता उरते.

आता याच उदाहरणात पत्नीला दरमहा १५,००० रुपयांचे उत्पन्न आहे असे मानू. २५ वर्षांत त्या उत्पन्नाने ४५ लाखांची गरज भागते व आवश्यक विमा रक्कम ७५ लाखांवर येते. पत्नीच्या उत्पन्नावर कुटुंब इतके अवलंबून असेल, तर तिच्याही नावाने स्वतंत्र विमा हवा, ही बाब मात्र या ठिकाणी विसरता कामा नये. घर सांभाळणाऱ्या स्त्रीच्या श्रमाचे मोल पगारपत्रकात दिसत नसले, तरी तिच्या पश्चात ती कामे पैसे देऊनच करून घ्यावी लागतात.

विम्याची मुदत जबाबदाऱ्या संपेपर्यंतची असावी. साधारणपणे निवृत्तीचे वय ही योग्य सीमा होय. वयाच्या ८५ किंवा ९९ व्या वर्षापर्यंतच्या मुदत विम्याची जाहिरात आकर्षक वाटते, परंतु त्या वयात आपल्या उत्पन्नावर कोणी अवलंबून नसेल, तर त्या वाढीव वर्षांचा हप्ता अनावश्यक ठरतो.

अल्प उत्पन्न असलेल्यांसाठी काही मूलभूत योजना उपलब्ध आहेत. ९ मे २०१५ रोजी सुरू झालेल्या प्रधानमंत्री जीवन ज्योती विमा योजनेत १८ ते ५० वयोगटातील बँक खातेदारास प्रवेश घेता येतो. तीत कोणत्याही कारणाने मृत्यू झाल्यास २ लाख रुपये मिळतात. जून २०२२ पासून तिचा वार्षिक हप्ता ४३६ रुपये आहे. १ जानेवारी २०२१ पासून आणलेल्या 'सरल जीवन विमा' या प्रमाणित मुदत विम्याची रचना शिक्षण, व्यवसाय वा निवासाची आडकाठी न ठेवता ५ ते २५ लाखांच्या संरक्षणासाठी करण्यात आली. नियमित पगारपत्रक नसलेल्या अध्यापकाने या पर्यायांचा प्रथम विचार करावा.

बचतयुक्त पॉलिसींचे खरे मूल्य

'वीस वर्षे दरवर्षी ५०,००० रुपये भरा आणि १७ लाख ३६ हजार रुपये मिळवा' असा एक काल्पनिक प्रस्ताव घेऊ. एकूण १० लाख भरून सव्वासतरा लाखांहून अधिक मिळतात, म्हणून तो लाभदायक भासतो. परंतु प्रत्येक हप्ता किती वर्षे गुंतून राहिला याचा चक्रवाढ हिशेब केला, तर परताव्याचा दर वार्षिक ५ टक्के इतकाच येतो. तेच हप्ते ७ टक्के दराने वाढले असते, तर सुमारे २१ लाख ९३ हजार रुपये झाले असते. महागाईचा दर ६ टक्के धरल्यास वीस वर्षांनंतरच्या १७ लाख ३६ हजारांची आजची क्रयशक्ती केवळ ५ लाख ४१ हजार रुपये भरते. म्हणजे जमा केलेल्या रकमेचे मूल्यही पूर्णतः टिकत नाही.

या पॉलिसीवर विमा संरक्षण किती, हा प्रश्न त्याहून महत्त्वाचा आहे. वार्षिक हप्त्याच्या दहापट, म्हणजे ५ लाख रुपये, हे अशा पॉलिसींत सामान्यतः आढळणारे प्रमाण आहे. वर हिशेबात आलेल्या १ कोटी २० लाखांच्या गरजेपुढे ही रक्कम नगण्य आहे. तेवढे संरक्षण बंदोबस्ती पॉलिसीतूनच घ्यावयाचे म्हटले, तर याच प्रमाणात वर्षाला १२ लाखांचा हप्ता भरावा लागेल. ते अशक्य असल्याने बचतयुक्त पॉलिसी घेणारा माणूस नकळत अपुऱ्या विम्याचीच निवड करीत असतो.

करसवलतीचा युक्तिवादही आता पूर्वीसारखा बळकट राहिलेला नाही. आर्थिक वर्ष २०२३-२४ पासून नवी करप्रणाली ही मूळ प्रणाली ठरली असून तीत आयुर्विमा व आरोग्य विमा यांच्या हप्त्यांवर वैयक्तिक वजावट मिळत नाही. जुनी प्रणाली निवडणाऱ्यांनाच ती मिळते. दुसरीकडे, व्यक्तिगत आयुर्विमा व आरोग्य विम्याच्या हप्त्यांवरील १८ टक्के वस्तू व सेवा कर २२ सप्टेंबर २०२५ पासून रद्द झाला. समूह विम्याला मात्र ही सूट लागू नाही.

बचतयुक्त पॉलिसी सर्वांसाठीच त्याज्य आहे, असा याचा अर्थ नव्हे. ज्यांच्या हातून एरवी बचत होतच नाही त्यांना तिची शिस्त उपयोगी पडू शकते. मात्र शुद्ध संरक्षण पुरेसे घेतल्यानंतरच तिचा विचार व्हावा. ज्यांच्याकडे अशा पॉलिसी आधीच आहेत त्यांच्यापुढे हप्ते चालू ठेवणे, हप्ते थांबवून पॉलिसी भरणामुक्त म्हणजे 'पेड-अप' करणे किंवा ती समर्पित करणे असे तीन मार्ग असतात. १ ऑक्टोबर २०२४ पासून लागू झालेल्या नियमांनुसार नव्या पॉलिसींमध्ये एका पूर्ण वर्षाचा हप्ता भरल्यानंतरही विशेष समर्पण मूल्य मिळू शकते. पूर्वी पहिल्याच वर्षी पॉलिसी सोडल्यास सर्व रक्कम बुडत असे. पॉलिसी परिपक्व होण्यास दोन-चार वर्षे उरली असतील, तर ती पूर्ण करणेच सहसा हिताचे असते. कोणताही मार्ग निवडला तरी नवा मुदत विमा मंजूर होऊन हाती आल्याशिवाय जुना विमा सोडू नये.

आरोग्य विम्यातील बारकावे

आयुर्विम्याचा करार तुलनेने सरळ असतो. मृत्यू सिद्ध झाला की ठरलेली रक्कम देय होते. आरोग्य विम्यात मात्र किती रक्कम मिळेल हे अनेक अटींवर अवलंबून असते. म्हणून येथे हप्त्यापेक्षा अटींची तुलना अधिक काळजीपूर्वक करावी लागते.

पहिली अट खोलीभाड्याची. समजा, ३ लाखांच्या पॉलिसीत खोलीभाड्याची मर्यादा विमा रकमेच्या १ टक्का, म्हणजे दररोज ३,००० रुपये आहे. रुग्णाने ६,००० रुपयांची खोली पाच दिवस घेतली. देयकात खोलीभाडे ३०,०००, शस्त्रक्रिया, भूल, शुश्रूषा इत्यादी संलग्न खर्च ९०,००० आणि औषधे, तपासण्या व प्रत्यारोपित साधने ८०,००० अशी एकूण २ लाखांची आकारणी झाली. मर्यादेच्या दुप्पट भाड्याची खोली घेतल्याने कंपनी खोलीभाडेच नव्हे, तर संलग्न खर्चही निम्माच मान्य करते. औषधे, तपासण्या व प्रत्यारोपित साधनांवर अशी कपात करता येत नाही. परिणामी १५,०००, ४५,००० व ८०,००० मिळून १ लाख ४० हजार रुपये मंजूर होतात आणि ६०,००० रुपये रुग्णाच्या पदरी पडतात. विमा रक्कम शिल्लक असूनही हा भार सोसावा लागतो. म्हणून खोलीभाड्यावर मर्यादा नसलेली पॉलिसी थोडा अधिक हप्ता देऊनही घेणे इष्ट ठरते.

दुसरी अट प्रतीक्षा कालावधीची. अपघात वगळता पहिल्या ३० दिवसांतील आजारांना सामान्यतः संरक्षण नसते. मोतीबिंदू, हर्निया, सांधेरोपण यांसारख्या विशिष्ट उपचारांसाठी आणि पूर्वस्थित आजारांसाठी दीर्घ प्रतीक्षा असते. पूर्वस्थित आजारांसाठीची कमाल प्रतीक्षा एप्रिल २०२४ पासून ४८ महिन्यांवरून ३६ महिन्यांवर आणण्यात आली. मधुमेह किंवा रक्तदाब सुरू होण्यापूर्वीच, म्हणजे तिशीत, आरोग्य विमा घेण्याचे महत्त्व यातून स्पष्ट होते. आजार सुरू झाल्यावर घेतलेल्या विम्याची तीन वर्षे केवळ वाट पाहण्यात जाऊ शकतात.

तिसरी अट सहभुगतानाची. प्रत्येक दाव्याचा ठरावीक टक्का रुग्णाने सोसावा अशी ही तरतूद असते. एप्रिल २०२० पासून उपलब्ध झालेल्या 'आरोग्य संजीवनी' या प्रमाणित पॉलिसीत हे प्रमाण ५ टक्के आहे. ज्येष्ठांच्या काही पॉलिसींत ते २० टक्के किंवा त्याहून अधिक असते. हप्ता स्वस्त का आहे याचे उत्तर पुष्कळदा या अटीत दडलेले असते.

मोठ्या संरक्षणासाठी मूळ पॉलिसीला 'सुपर टॉप-अप' जोडणे हा किफायतशीर मार्ग आहे. 'टॉप-अप' व 'सुपर टॉप-अप' यांतील भेद मात्र ध्यानात घ्यावा. समजा, मूळ पॉलिसी ५ लाखांची आहे व पूरक पॉलिसी ५ लाखांवरील खर्च देणारी आहे. एकाच वर्षात ४ लाखांचे रुग्णालयीन उपचार दोनदा घ्यावे लागले. एकूण ८ लाखांपैकी मूळ पॉलिसी ५ लाख देईल. साधा टॉप-अप प्रत्येक दावा स्वतंत्रपणे मोजत असल्याने, कोणताही एक दावा ५ लाखांवर न गेल्यामुळे काहीच देणार नाही. सुपर टॉप-अप वर्षाचा एकूण खर्च मोजून उर्वरित ३ लाख देईल.

संस्थेने काढलेला समूह आरोग्य विमा उपयुक्त असला, तरी तो नोकरीशी बांधलेला असतो. नोकरी बदलली, करार संपला किंवा निवृत्ती आली की तो संपतो, आणि त्या वयात नवा विमा मिळणे महागडे व अवघड झालेले असते. म्हणून समूह विम्यासोबत स्वतःची एक पॉलिसी चालू असावी. राज्याच्या महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत प्रतिकुटुंब ५ लाखांपर्यंतचे उपचार मिळतात, परंतु ते निश्चित केलेल्या उपचारांपुरते आणि अंगीकृत रुग्णालयांपुरतेच असतात. आई-वडील ७० वर्षांवरील असतील, तर २९ ऑक्टोबर २०२४ पासून आयुष्मान भारत योजनेचे ५ लाखांचे संरक्षण उत्पन्नाची अट न लावता त्यांना उपलब्ध झाले आहे. तसेच जानेवारी २०२५ मध्ये नियामक प्राधिकरणाने ज्येष्ठ नागरिकांच्या हप्त्यांत वर्षाला १० टक्क्यांहून अधिक वाढ पूर्वविचारविनिमयाशिवाय करण्यास कंपन्यांना मनाई केली.

अपघात व अपंगत्व

मृत्यूचा विचार करणारी कुटुंबे अपंगत्वाचा विचार क्वचितच करतात. वास्तविक कायमच्या अपंगत्वात उत्पन्न थांबते आणि खर्च वाढतो. आयुर्विम्याची मूळ पॉलिसी अशा वेळी सहसा काही देत नाही. दुचाकीवरून दूरच्या महाविद्यालयात रोज ये-जा करणाऱ्या अध्यापकासाठी हा धोका काल्पनिक नाही. प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजनेत वार्षिक २० रुपयांत अपघाती मृत्यू अथवा पूर्ण अपंगत्वासाठी २ लाख आणि अंशतः कायम अपंगत्वासाठी १ लाख रुपयांचे संरक्षण मिळते. ही रक्कम प्रारंभ म्हणून ठीक आहे. त्यावर वैयक्तिक अपघात विमा घेताना केवळ मृत्यूचा नव्हे, तर अंशतः अपंगत्वाचा व उपचारकाळातील साप्ताहिक भरपाईचा समावेश आहे का, हे पाहावे.

प्रस्तावपत्रातील सत्यकथन व नामनिर्देशन

विमा हा परम विश्वासाचा करार मानला जातो. विमेदाराच्या आरोग्याची माहिती त्यालाच असते, म्हणून ती प्रामाणिकपणे सांगण्याचे कर्तव्य त्याच्यावर आहे. पूर्वीचा मधुमेह व मूत्रपिंडाचा विकार दडवून घेतलेल्या मेडिक्लेम पॉलिसीचा दावा नाकारणे योग्य असल्याचा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २००९ मध्ये दिला. प्रस्तावपत्र प्रतिनिधीने भरले व आपण केवळ सही केली, ही सबब दाव्याच्या वेळी सहसा टिकत नाही. कारण सही करणाऱ्याने मजकूर मान्य केला असेच कायदा समजतो. हप्ता थोडा वाढेल या भीतीने तंबाखूचे व्यसन किंवा रक्तदाबाची गोळी लपविणे म्हणजे वर्षानुवर्षे हप्ते भरून दाव्याच्या वेळी कुटुंबाला रिकाम्या हाती पाठविणे होय.

कायद्याने विमेदारालाही संरक्षण दिले आहे. १९३८ च्या विमा कायद्याच्या कलम ४५ नुसार आयुर्विमा पॉलिसीला तीन वर्षे पूर्ण झाल्यानंतर कोणत्याही कारणास्तव आव्हान देता येत नाही. आरोग्य विम्यात सलग ६० महिन्यांनंतर सिद्ध झालेली फसवणूक वगळता माहिती दडविल्याच्या कारणाने दावा नाकारता येत नाही. पॉलिसी हाती आल्यावर अटी मान्य नसल्यास ती परत करण्यासाठी २०२४ च्या नियमांनुसार ३० दिवसांची मुदत आहे. या ३० दिवसांत पॉलिसीसोबत जोडलेली प्रस्तावपत्राची प्रत वाचून चुका कळविणे, हे विमेदाराचे सर्वांत उपयुक्त काम ठरते.

नामनिर्देशनाबाबतही गैरसमज आढळतात. नामनिर्देशित व्यक्ती केवळ रक्कम स्वीकारणारी असते, मालक नव्हे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९८३ मध्ये स्पष्ट केले होते. २०१५ च्या दुरुस्तीनंतर आई-वडील, पती-पत्नी किंवा अपत्ये यांचे नामनिर्देशन असल्यास त्यांना त्या रकमेचा लाभाधिकार मिळतो. विवाहापूर्वी घेतलेल्या पॉलिसीवर आईचे किंवा वडिलांचे नाव तसेच राहिलेले असते. विवाह, अपत्यजन्म किंवा नामनिर्देशिताचा मृत्यू यानंतर ही नोंद बदलली पाहिजे. कर्जाचा भार असलेल्या विवाहित पुरुषाने १८७४ च्या विवाहित स्त्रियांच्या मालमत्ता कायद्याच्या कलम ६ खाली पॉलिसी घेतल्यास ती पत्नी व अपत्यांसाठीचा न्यास ठरते आणि सावकारांना तिच्यावर सहसा हक्क सांगता येत नाही. ही निवड पॉलिसी घेतानाच करावी लागते.

दावा व तक्रार निवारण

कंपनी निवडताना दावा निपटाऱ्याचे प्रमाण पाहिले जाते. ते केवळ दाव्यांच्या संख्येवर आधारलेले असेल, तर लहान दावे मंजूर व मोठे दावे नामंजूर अशी स्थिती त्यात दिसत नाही. म्हणून रकमेनुसारचे प्रमाणही पाहावे. रोकडरहित उपचारांच्या बाबतीत, विनंती मिळाल्यापासून एका तासात प्राथमिक मंजुरी आणि रुग्णास घरी सोडताना तीन तासांत अंतिम मंजुरी द्यावी, असे निर्देश मे २०२४ मध्ये देण्यात आले.

दावा नाकारला गेल्यास प्रथम कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार करावी. महिनाभरात उत्तर न आल्यास किंवा उत्तर समाधानकारक नसल्यास एक वर्षाच्या आत विमा लोकपालाकडे जाता येते. महाराष्ट्रात मुंबई व पुणे येथे लोकपालांची कार्यालये आहेत. तेथे शुल्क नाही व वकिलाची गरज नाही. नोव्हेंबर २०२३ पासून ५० लाखांपर्यंतच्या भरपाईचा निवाडा लोकपाल देऊ शकतात. तो कंपनीवर बंधनकारक असतो. तक्रारदाराला तो अमान्य असल्यास ग्राहक आयोगाचा मार्ग खुला राहतो. मुदत उलटल्यामुळे न्याय्य तक्रारही फेटाळली जाऊ शकते, हे लक्षात ठेवावे.

निष्कर्ष व शिफारशी

उपरोक्त विवेचनावरून पुढील निष्कर्ष निघतात.

१. विम्याची निवड पॉलिसीपासून नव्हे, तर कुटुंबाला न पेलणाऱ्या नुकसानापासून सुरू झाली पाहिजे.

२. अवलंबित कुटुंब असलेल्या अध्यापकासाठी आरोग्य विमा, मुदत विमा, अपघात व अपंगत्व विमा आणि त्यानंतर बचत, हा प्राधान्यक्रम योग्य ठरतो.

३. आयुर्विम्याची रक्कम गरजेच्या हिशेबाने ठरवावी व विवाह, अपत्यजन्म, गृहकर्ज अशा प्रत्येक टप्प्यावर तिचा फेरआढावा घ्यावा.

४. आरोग्य विम्यात खोलीभाडे, प्रतीक्षा कालावधी व सहभुगतान या तीन अटी वाचल्याशिवाय हप्त्यांची तुलना करू नये.

५. प्रस्तावपत्र स्वतः भरावे. पॉलिसींची यादी, नामनिर्देशनाचा तपशील व दाव्याची पद्धत घरातील किमान एका व्यक्तीस माहीत असावी.

महाविद्यालयांच्या पातळीवरही काही करता येण्यासारखे आहे. कर्मचारी पतसंस्था व अध्यापक संघटना यांनी तासिका तत्त्वावरील अध्यापकांना समूह अपघात व आरोग्य विम्यात सामावून घेतल्यास त्यांना अल्प खर्चात संरक्षण मिळू शकेल. वाणिज्य विभागाने वर्षातून एकदा, आणि तेही मार्चऐवजी जूनमध्ये, सहकाऱ्यांच्या पॉलिसी वाचून समजावून देण्याचा उपक्रम घेतल्यास त्याचा लाभ प्राध्यापकांइतकाच प्रयोगशाळा परिचर व लिपिकवर्गालाही होईल. कोणत्याही कंपनीचा प्रतिनिधी अशा बैठकीस नसावा, एवढे पथ्य मात्र पाळावे.